माझे आवडते फळ डॉट कॉम

मराठी माणसाने वेबसाइट काढली की पहिल्या आठवड्यात तिच्यावर येणारे सगळे पाहुणे त्याच्या लग्नालाही येऊन गेलेले असतात. आत्या येते, मावशी येते, बदलापूरचे काका नातवाच्या मोबाइलवरून येतात. "छान झालीय हो" असं कळवतात, रंग जरा गडद वाटतो असंही कळवतात, "कितीला पडली?" हे विचारतात आणि जातात ते पुन्हा फिरकत नाहीत. विकत कुणीच काही घेत नाही. घरच्या माणसाकडून घरच्याच माणसाने पैसे देऊन वस्तू घ्यायची म्हणजे फारच झालं. दुसऱ्या आठवड्यात साइटवर एकच माणूस येत असतो, तो म्हणजे मालक. सकाळी स्वतःच्या मोबाइलवरून, दुपारी ऑफिसातल्या संगणकावरून, रात्री बायकोच्या फोनवरून. त्यामुळे आकडा तीन दिसतो आणि झोप बरी लागते. तिसऱ्या आठवड्यात रशिया, सिंगापूर आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातून पाहुणे येऊ लागतात. ही माणसं नसतात. जगभरच्या साइटी रात्रंदिवस चाळत फिरणारी ती यंत्रं असतात. पण हे मालकाला कोण सांगणार? परदेशातूनही विचारणा आहे, असं तो तोवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून बसलेला असतो.

आमच्या साडूंच्या बाबतीत हे सगळं याच क्रमाने झालं.

साडूंची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. त्यांच्या आंब्याविषयी मी मत देत नाही. दरवर्षी आमच्याकडे एक पेटी फुकट येते, त्यामुळे तटस्थ राहणं शक्य नाही. वर्षानुवर्षं त्यांचा माल वाशीच्या मार्केटला जायचा आणि काही दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची. ज्यांनी पट्टी पाहिलेली नाही त्यांनी ती आयुष्यात एकदा पाहावी. वर एक बऱ्यापैकी रक्कम असते. मग तिच्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई, आडत असं एकेक वजा होत खाली जे काही उरतं ते बागायतदाराचं. अशीच एक पट्टी वाचून साडूंनी घोषणा केली, "आता दलाल मधून काढायचा. गिऱ्हाईक थेट आपल्याकडे."

दलाल निघाला आणि त्याच्या जागी सहा आले. साइटचं नाव नोंदवणारा एक, ती ठेवायला जागा भाड्याने देणारा दुसरा, गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात वळते करणारा तिसरा, कुरिअरवाला चौथा, जाहिरातवाला पाचवा आणि "सर, तुम्हाला गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो" म्हणणारा सहावा. प्रत्येकाची पट्टी वेगळी, आणि इंग्रजीत. वाशीच्या दलालाला निदान फोन करून मनसोक्त शिव्या देता यायच्या. इथे 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' असं उत्तर येतं आणि या उत्तराला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं जातं.

साइट बांधली साडूंच्या पुण्यातल्या पुतण्याने. पहिल्या पानावर त्याने कुठूनसा उतरवून घेतलेला आंब्याचा झकास फोटो टाकला. लालबुंद गाल, वर दवाचे थेंब. बागेतले गडी तो बघायला जमले. त्यांतल्या सर्वांत वयस्कर गड्याने फोन लांब धरला, जवळ धरला आणि निकाल दिला, "ह्यो आपलो आंबो न्हय." फोटो उतरवण्यात आला. मग पान ओकंबोकं दिसू लागलं, म्हणून पुतण्याने 'आंब्याविषयी थोडेसे' लिहायला घेतलं. तो मराठी शाळेत शिकलेला. बोटं कळफलकावर टेकताक्षणी त्याच्या हातून आपोआप पहिलं वाक्य उतरलं: 'आंबा हा फळांचा राजा आहे.' पुढे आंब्याच्या झाडाची सावली थंडगार असते, पानं तोरणाला लागतात, कैरीचं लोणचं आणि पन्हं होतं. आणि समारोप: 'असा हा आंबा मला फार फार आवडतो.'

साइटचं भवितव्य तिथेच ठरलं.

महिन्याभरात आलेख चढायला लागला. साडू रोज रात्री त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू लागले. त्याआधी त्या वेळेला ते गुलाबाच्या फुलाखाली 'शुभ रात्री' टाकत, त्यामुळे बदल स्वागतार्ह होता. आलेखावरची रेघ रोज थोडी वर. एका दिवसात शेकडो माणसं! उभ्या हंगामात वाशीला जेवढ्या पेट्या जात नाहीत तेवढी माणसं एका रात्रीत बागेत येऊन जात होती. फक्त फोन वाजत नव्हता. साडूंनी ऑर्डरसाठी नवा फोन घेतला होता आणि घरात रेंज येते त्या एकमेव जागी, म्हणजे मागच्या पडवीच्या कठड्यावर, तो चार्ज करून ठेवला होता. त्यावर शेवटी कावळा बसायला लागला.

लोक नेमकं काय शोधत आपल्या दारात येतात हे बघायची सोय गूगलने साइटवाल्यांना फुकट दिलेली आहे. ती यादी पुतण्याने उघडली. पहिल्या क्रमांकावर 'माझे आवडते फळ आंबा निबंध'. दुसऱ्यावर 'आंबा निबंध १० ओळी'. मग 'आंब्याच्या झाडाची आत्मकथा', 'आंबा निबंध इयत्ता चौथी', 'मी आंबा बोलतोय'. बऱ्याच खाली, जिथवर सहसा कुणी जात नाही तिथे, एक बिचारा 'देवगड हापूस भाव' विचारत आला होता. साइटवर भाव लिहिलेला नव्हता, त्यामुळे तोही निबंध वाचून गेला.

आता यात गूगलची चूक काढता येत नाही. त्याने पान वाचलं, हा निबंध आहे हे ओळखलं आणि ज्याला निबंध हवा होता त्याला तो पोचवला. वेळ रात्री साडेनऊच्या पुढची. महाराष्ट्रातलं कुठलंही मूल जेवण झाल्यावर, दात घासताना, "उद्या बाईंनी निबंध आणायला सांगितलाय" असं जाहीर करतं, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात मराठी इंटरनेटवर जी गर्दी उसळते तिच्यापुढे भले भले उद्योग फिके आहेत. एकदा तो कठड्यावरचा फोन खरोखरच वाजला. साडू धावले. पलीकडे लातूरहून एक माता होत्या. "दादा, तुमच्या निबंधात झाड स्वतः बोलतं का हो? आमच्या बाईंनी आत्मकथा सांगितलीय." साडूंनी पडवीत उभं राहून झाडाच्या वतीने दहा ओळी सांगितल्या. त्यांतल्या दोन वाशीच्या दलालाबद्दल होत्या.

मराठीतून जी मोठी गर्दी इंटरनेटवर वाहते ती कसल्या मागे, हे एकदा बघून ठेवण्यासारखं आहे. निबंध. वाढदिवसाच्या शुभेच्छा. उखाणे. 'श' वरून मुलींची नावं. राशिभविष्य. सातबारा. यातल्या कुणालाही काही विकत घ्यायचं नसतं. आदल्या रात्री अडलेलं काम उरकून झोपायचं असतं. अशा गर्दीच्या मध्यभागी आंब्याची पेटी घेऊन बसलं तर लोक पेटी ओलांडून जातात, आणि ते बरोबरच आहे.

पण मुळात आपलं पान कुणाला सापडणार, हे ठरतं कसं? १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी त्याची एक रीत मांडली. ज्या पानाकडे पुष्कळ पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतःच वजनदार असेल तर आणखी महत्त्वाचं. मुलीसाठी स्थळ बघताना आपल्याकडे याच रीतीने चौकशी होत आलेली आहे. फक्त त्यावर कुणी अब्जाधीश झालं नाही. ही रीत जगाला कळताक्षणी जगाने बोटं विकायला काढली. शंभर बोटं इतक्याला, हजार घेतलीत तर सवलत.

साडूंना भेटलेला सहावा दलाल याच व्यवसायातला. तरुण होता, गोड बोलायचा आणि दर दोन वाक्यांनंतर 'ऑर्गॅनिक' म्हणायचा. साडूंची बाग सेंद्रिय नाही, त्यामुळे ते दर वेळी दचकायचे. त्याने सांगितलं की पानावर नेमके शब्द पेरायला हवेत, आणि पेरले. आठ दिवसांनी साइटवर मजकूर झळकला: 'देवगड हापूस आंबा म्हणजे अस्सल देवगड हापूस आंबा. आपण जर देवगड हापूस आंबा शोधत असाल तर आमचा देवगड हापूस आंबा हाच खरा देवगड हापूस आंबा होय.' आमची मेहुणी, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी तो मजकूर एकदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्याला बरं नाही का?"

त्या तरुणाने आणखीही उद्योग केले. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द पुन्हा लिहिले, म्हणजे माणसाला दिसू नयेत आणि यंत्राला दिसावेत. पानाच्या पोटात, कुणालाच न दिसणाऱ्या ठिकाणी, कळशब्दांची लांबलचक रांग लावली आणि त्या रांगेचे वेगळे पैसे घेतले. त्या रांगेकडे आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलेलं आहे. पांढऱ्या अक्षरांची युक्ती तर त्याहून जुनी आणि पकडली गेलेली. माणसाला एक आणि यंत्राला दुसरं दाखवल्याबद्दल २००६ साली गूगलने बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीच्या जर्मन साइटलाही काही दिवस बाहेर बसवलं होतं. पुढे २०११ साली सुमार मजकूर खाली ढकलणारी सुधारणा आली, तिचं नाव पांडा. २०१२ साली विकतची बोटं ओळखणारी आली, तिचं नाव पेंग्विन. एवढी गोंडस नावं ठेवून इतक्या लोकांचा धंदा बसवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सहाव्या दलालाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की साडूंना ते ठाऊक नाही. आणि ज्या साइटी आता आमच्या साडूंच्या बागेकडे बोट दाखवत होत्या, त्यांतल्या निम्म्या जुगाराच्या होत्या आणि उरलेल्या टक्कल घालवून देणाऱ्या.

मराठीची म्हणून एक खास अडचण यात असते, ती त्या तरुणाच्या गावीही नव्हती. पूर्वी, युनिकोड रुळण्याआधी, मराठी साइटी वेगवेगळ्या फाँटांत असत. आपल्याला 'हापूस' दिसायचं, यंत्राला मात्र त्याच जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. त्या काळातली कित्येक चांगली पानं कुणाला शोधून सापडणं शक्यच नव्हतं. आता ती अडचण गेली, तर लोक मराठी शोधतात रोमन लिपीत. एकच फळ, आणि लिहिणाऱ्यांनी त्यात एक 'ओ' घातला, दोन घातले, 'यू' घातला, आंब्याचा अंबा केला, काहींनी थेट अल्फान्सो गाठला. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद आपण शाळेत मार्कांसाठी घातला. इथे एका वेलांटीवर पेटी जाते की राहते ते ठरतं.

असो. गिऱ्हाईक येत नाही तर निदान गर्दीचे तरी पैसे करावेत, असा पुतण्याने सल्ला दिला. साइटवर जाहिराती लावायच्या.

हा धंदा तसा जुना आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी साइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टीवजा जाहिरात लागली. वेबवरच्या पहिल्या काही जाहिरातींतली ती. ती बघणाऱ्या शंभरातल्या सुमारे ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात. तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं की ही जाहिरात आहे. ठाऊक झाल्यापासून आजवर ती मंडळी परतलेली नाहीत. आता अशा जाहिरातीवर बोट ठेवणारा शंभरात एकसुद्धा मिळत नाही. २००३ साली गूगलने अ‍ॅडसेन्स आणलं. पानावरचा मजकूर वाचून त्याला साजेशी जाहिरात आपोआप लावायची आणि जाहिरातदाराकडून आलेल्या पैशातला मोठा वाटा, बरीच वर्षं शंभरात ६८, साइटवाल्याला द्यायचा. या योजनेला हिंदी कळायला २०१४ साल उजाडलं आणि मराठी कळायला २०१८. तोवर मराठी पानं तिच्या लेखी निरक्षर होती.

मजकुराला साजेशी जाहिरात, ही कल्पना ऐकायला किती सुंदर! साडूंच्या साइटवर आंब्याचा मजकूर, म्हणून जाहिरात लागली ती आंब्याची. दुसऱ्या बागायतदाराच्या. 'अस्सल देवगड हापूस, घरपोच, आजच मागवा.' म्हणजे चुकून एखादं खरं गिऱ्हाईक आलंच, तर त्याला हात धरून शेजारच्याच्या बागेत पोचवायची सोय झाली, आणि त्या पोचवण्याबद्दल साडूंना काही रुपये मिळाले. हे कळलं तेव्हा साडू दोन दिवस जेवले नाहीत असं मेहुणी सांगतात. मी विचारलं तर म्हणाले, एकच दिवस.

बाकीच्या जाहिराती पाहुण्यांकडे बघून लागायच्या. फोन आईचा असल्यामुळे निबंध उतरवणाऱ्या चौथीतल्या मुलांना गृहकर्ज, गुडघेदुखीचं तेल आणि 'निवृत्तीनंतर काय?' हे दिसायचं. चौथीतल्या मुलाने गृहकर्जावर बोट ठेवलं तरी ते चुकून, आणि चुकून ठेवलेल्या बोटाला काय भाव येणार? भाव येतो तो अमेरिकेतल्या बोटाला. तिथला एक पाहुणा जाहिरातीपुरता इथल्या कितीतरी पाहुण्यांना भारी पडतो. न्यू जर्सीतले मराठी लोक साइटवर यायचेही. बराच वेळ थांबायचे, बागेचे सगळे फोटो बघायचे आणि शेवटी लिहायचे, "इकडे पाठवता का?" आता अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते २००७ साली, आणि तेही आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया केल्याखेरीज नाही. त्या वर्षी ही प्रक्रिया व्हायची लासलगावला. म्हणजे देवगडच्या आंब्याने आधी कांद्याच्या गावाला जाऊन यायचं आणि मग विमानात बसायचं. दोन-दोन डझनांच्या घरगुती खोक्यांना हा प्रवास कुठून परवडणार? तेव्हा न्यू जर्सीकरांनी हळहळायचं, हळहळताना बाजूला दिसलेल्या विम्याच्या जाहिरातीवर क्लिक करायचं आणि त्या हळहळीचे साडूंना सेंट मिळायचे, अशी व्यवस्था लागली.

कमाई दहा डॉलरच्या घरात गेली की, तुम्ही खरोखर त्या पत्त्यावर राहता का हे तपासण्यासाठी अ‍ॅडसेन्सकडून चक्क टपालाने एक पाकीट येतं. आत सहा आकडी पिन असतो. सगळा कारभार डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांतून चालतो, पण विश्वास शेवटी पोस्टमनवर! ते परदेशी शिक्क्याचं पाकीट साडूंच्या वाडीत पोचलं तेव्हा कुणी म्हणालं बँकेची जप्ती, कुणी म्हणालं भूसंपादन. दोन चुलतभावांनी सातबारा काढून आणला. आतला आकडा साइटवर भरून झाला, पण पैसे हाती येत नाहीत ते नाहीतच. ते शंभर डॉलर झाल्याशिवाय सुटत नाहीत.

हे कळताच घरच्या ग्रुपवर विनंती गेली: 'सर्वांनी रोज सकाळी आंघोळीनंतर साइटवरील प्रत्येक जाहिरातीवर एकदा क्लिक करून सहकार्य करावे.' आमच्या घराण्यात पैसे लागत नसतील तर सहकार्याला कधी कमतरता नसते. आत्याने तर आंघोळीआधीच सुरुवात केली. सुदैवाने पुतण्याने नियम वाचलेले होते. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करायला नातेवाइकांना सांगणं हा या धंद्यातला मोठा गुन्हा, खातं बंद होतं. त्याने ग्रुपवर तातडीचा मनाईहुकूम काढला. तोवरचे क्लिक अवैध म्हणून वजा झाले. बदलापूरच्या काकांनी दरम्यान गुडघेदुखीचं तेल मागवून टाकलं होतं. ते मात्र वैध ठरलं, आणि तेलाने फरक पडला म्हणतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास ॲलेक्स ट्यूची गोष्ट सांगतो. २१ वर्षांचा इंग्रज पोरगा, कॉलेजच्या खर्चासाठी पैसे हवे होते. २००५ साली त्याने एक पान काढलं, त्यावर दहा लाख ठिपके आखले आणि एक डॉलरला एक ठिपका या भावाने जाहिरातीची जागा विकली. सगळी विकली गेली. शेवटच्या हजार ठिपक्यांचा लिलाव झाला, तो गेला ३८,१०० डॉलरला. एकूण जमले १०,३७,१०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेचार कोटींच्या वर. सांगणारा इथे थांबतो. त्याच्यानंतर हुबेहूब तसंच पान काढणाऱ्या असंख्य लोकांचं काय झालं, ते तो सांगत नाही. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ट्यूचे ठिपके लोकांनी घेतले ते त्याच्या वेडेपणाची बातमी झाली म्हणून. दुसऱ्या वेड्याची बातमी होत नाही. साडूंनी मात्र ही गोष्ट ऐकून सर्वांत मोठ्या कलमाचा फोटो काढला आणि त्यावर चौकटी आखायला घेतल्या होत्या. मेहुणींनी पट्टी काढून घेतली. ही लाकडी, शाळेतली.

वाचक गोळा करायचा आणि त्याची नजर जाहिरातदाराला विकायची, हे काही आपल्याला नवं नाही. साडूंच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. आपला वाचक नेमका कोण, हा प्रश्न तेव्हाही होताच. साडेआठ वर्षांनी, १८४० साली ते थांबलं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे दिवाळी अंक हा मराठी साहित्याचा वार्षिक उत्सव झाला तो जाहिरातींच्या भरवशावर. सहकारी बँकेचे अध्यक्ष पानभर हात जोडून उभे असतात, साखर कारखान्याचे संचालक मंडळ शुभेच्छा देतं. त्या हात जोडलेल्या अध्यक्षांवर किती वाचकांनी बोट ठेवलं, हे कधी कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर निम्मं मराठी साहित्य लिहिलंच गेलं नसतं.

साडूंची साइट मार्गाला लागली ती कुणी लावली म्हणून नाही. ऑर्डरच्या फोनवर येणारे तुरळक प्रश्न मेहुणी एका वहीत लिहून ठेवत. शिक्षिकेची सवय, चूक दिसली की टिपायची, प्रश्न आला की टिपायचा. 'आत साका निघाला तर?' 'कार्बाइड लावत नाही ना?' 'हिरवे आलेत, परत पाठवू का?' 'पेटीत वरच्या थरात मोठे आणि खाली बारके असं नाही ना?' 'सतरा तारखेला साखरपुडा आहे, सोळाला पिकतील असे द्याल?' पुतण्या सुट्टीत आला असता त्यांनी ती वही पुढे केली आणि म्हणाल्या, "तो राजाबिजा काढ. ह्याची उत्तरं टाक. आणि आधी भाव टाक."

उत्तरं त्यांनीच लिहिली, फळ्यावर लिहिल्यासारखी स्वच्छ. साका बाहेरून ओळखता येत नाही, झाडावरून उतरवणाऱ्यालाही नाही. निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या खेपेला तेवढी फळं जास्त मिळतील. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि आमच्याकडे आढी घालायला भाताचा पेंढा आहे. आंबे हिरवे येतील, तेच बरोबर. पेंढ्यावर पसरून ठेवा, रोज बघा, वास देठाकडून येईल. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका, ठेवलात तर आम्हाला फोन करू नका. अमुक तारखेला पिकेल असं वचन आम्ही देत नाही, जो देतो त्याच्याकडून घेऊ नका. भाव फळाच्या वजनाप्रमाणे, खाली दिला आहे. कुठल्या शहरात कुठल्या वारी पोचतो तेही खाली.

आलेख कोसळला. निबंधाचं पान मागे गेलं तशी रात्री साडेनऊची गर्दी ओसरली आणि रेघ जमिनीला टेकली. साडूंना ते फार लागलं. दोन आठवडे त्यांनी पुन्हा गुलाबाचं फूल टाकलं. पण जे थोडे यायला लागले ते 'हापूस हिरवा आला काय करावे' आणि 'देवगड हापूस २ डझन पुणे घरपोच' असं विचारत येऊ लागले. असा माणूस आधीच खिशात हात घालून निघालेला असतो. त्याला फळांचा राजा कोण हे सांगावं लागत नाही. भीती घालवावी लागते, फसवले जाण्याची. आणि वाशीपासून पुण्याच्या चौकापर्यंत कर्नाटकी आंबा देवगडच्या नावाने खपताना ज्याने पाहिला आहे त्याची ती भीती रास्त असते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोकणातले पाच जिल्हे आले, पण पेटीवरचं नाव पेन्सिलीने कुणीही लिहू शकतो. मेहुणींच्या उत्तरांतला खाष्टपणाच लोकांना खरा वाटला. "ठेवलात तर आम्हाला फोन करू नका" हे वाक्य वाचून मुलुंडच्या एका गृहस्थांनी मुद्दाम फोन केला आणि चार डझन मागवले.

जाहिराती काढून टाकल्या. शंभर डॉलर झालेच नाहीत. सहावा दलाल अधूनमधून फोन करून 'मॅडम, ट्रॅफिक फार पडलंय' अशी काळजी व्यक्त करतो, आणि मेहुणी त्याला शुद्धलेखन विचारतात.

हंगाम मार्चअखेर सुरू होतो. ज्यांना आंबे हवे असतील त्यांनी दुपारी एक ते चार सोडून फोन करावा. रेंज पडवीत आहे आणि साडू त्या वेळी माजघरात झोपतात. निबंधाचं पान साडूंच्या आग्रहामुळे अजून ठेवलेलं आहे, त्याचे पैसे नाहीत. विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की 'आमच्या देवगडच्या बागेत' हे शब्द तसेच उतरवू नका. गेल्या वर्षी नागपुरातल्या एका शाळेत आख्ख्या वर्गाची बाग देवगडला निघाली, आणि बाईंनी फोन करून एक पेटी मागवली.